नेमकी नस

१९७१ साली ऑस्ट्रेलियातल्या स्कायर्म रीस या डॉक्टरांनी जुनाट कंबरदुखीवरचा एक उपाय जाहीर केला. लांब, अरुंद पात्याचा चाकू कमरेत घालायचा, मणक्यांच्या मागच्या सांध्यांकडे जाणाऱ्या नसा कापायच्या आणि रुग्णाला घरी पाठवायचे. जवळजवळ प्रत्येक रुग्ण बरा झाल्याचा त्यांचा दावा होता. अमेरिकेतले न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनीही हा उपाय करून पाहिला. पण आत रक्त साकळू लागले, तेव्हा त्यांनी चाकू बाजूला ठेवला आणि त्याच नसा सुईच्या टोकाशी विजेची उष्णता निर्माण करून जाळायला सुरुवात केली. आज ‘आरएफ’ किंवा ‘रेडिओफ्रीक्वेन्सी अ‍ॅब्लेशन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपचाराची मणक्यातली वाटचाल इथून सुरू झाली.

१९७७ साली निकोलाय बोगडक या ऑस्ट्रेलियन शरीररचनाशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रीस यांची पद्धत तपासून पाहिली. चाकू त्या नसांपर्यंत पोचतच नव्हता. पुढे १९७९-८०च्या सुमारास बोगडक आणि लाँग यांनी कमरेतल्या या नसांचा मार्ग बारकाईने रेखाटला. शीली सुई ज्या जागी टेकवत, तिथेही नस नव्हती असे त्यातून दिसले. तरीही दोघांच्या रुग्णांना बरे वाटले होते. जुनाट दुखणे वर-खाली होत राहते, रुग्ण डॉक्टरकडे येतो तो बहुधा ते शिखरावर असताना, आणि विश्वासाने केलेल्या उपचाराचाही परिणाम होतो. म्हणून ‘बरे वाटले’ एवढ्यावर या क्षेत्रात काहीच सिद्ध होत नाही.

हा इतिहास सांगायचे कारण असे की, मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत आता पेन क्लिनिक निघाली आहेत आणि ‘ऑपरेशनशिवाय कंबरदुखीपासून सुटका’ अशा पाट्या झळकू लागल्या आहेत. उपचार खोटा नाही. योग्य माणसाला त्याने वर्षभर सुखाची झोप मिळते. पण योग्य माणूस कोण, हे ठरवण्यातच त्याचे सगळे यश आहे.

दुखणे नेमके कुठले, ते आधी पाहू. दोन मणके पुढच्या बाजूला गादीने जोडलेले असतात आणि मागे, उजवी-डावीकडे, दोन लहान सांध्यांनी. त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. आपण वाकतो, वळतो तेव्हा हे सांधे एकमेकांवर घसरतात आणि गुडघ्यासारखेच झिजतात. प्रत्येक सांध्याला दोन बारीक नसांच्या फांद्या येतात, त्यांचे नाव मेडियल ब्रँच. सांध्यातली वेदना त्यांच्यातूनच पाठीच्या कण्यात आणि तिथून मेंदूत जाते. रुग्ण डॉक्टरांना हमखास विचारतात, ‘नस जाळली तर पाय लुळा पडेल का?’ नाही. पायाला बळ आणि स्पर्श देणाऱ्या नसा वेगळ्या असतात. मेडियल ब्रँच सांध्याची वेदना वाहते आणि मणक्याला चिकटलेल्या खोल स्नायूला हलवते, पायाशी तिचा संबंध नाही. म्हणून तर ती जाळता येते. उलट गादी सरकून पायात कळ जात असेल, तर हा उपचार त्या दुखण्याचा नव्हे.

अडचण अशी की, सांधा दुखतो आहे हे एमआरआयवर दिसत नाही. झीज दिसते, पण झिजलेले सांधे घेऊन आनंदाने शेतात राबणारी माणसे आहेत आणि स्वच्छ एमआरआय हातात धरून कण्हणारीही आहेत. मागे वाकल्यावर दुखते, उभे राहिल्यावर दुखते, यावरूनही खात्रीने सांगता येत नाही. उरते ती एकच कसोटी. एक्स-रेच्या चालत्या चित्रावर, म्हणजे सी-आर्मखाली, त्या नसेपाशी बधिर करणाऱ्या औषधाचे अगदी थोडे थेंब सोडायचे आणि पुढचे काही तास वेदना किती उतरते ते पाहायचे. याला ब्लॉक म्हणतात. तो उपचार नव्हे, चाचणी आहे, आणि ती फसवीही असते. एकाच ब्लॉकवर विसंबले तर दर तिघांत एखाद्याला उगीचच ‘सांध्याचे दुखणे’ ठरवले जाण्याचा धोका असतो. म्हणून काटेकोर तज्ज्ञ वेगळ्या दिवशी दुसरा ब्लॉक देतात.

चाचणी पटली की मग आरएफ. यामागचे भौतिकशास्त्र जुने आहे. १८९१च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ आर्सेन दार्सोन्व्हाल यांना आढळले की, फार उच्च वारंवारितेचा प्रवाह शरीरातून गेला तर स्नायू आखडत नाहीत, ऊती फक्त तापतात. १९२६ मध्ये हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने मेंदूच्या शस्त्रक्रियेत याचा उपयोग केला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या मार्टिन किर्श्नर यांनी चेहऱ्यावर विजेसारखी कळ येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी कवटीच्या तळातून सुई घालून त्या नसेचा गठ्ठा जाळला. पण उष्णता किती झाली हे मोजायचे साधन त्यांच्याकडे नव्हते. तापमान मोजत, हवी तेवढीच जागा जाळणारी यंत्रे १९५०च्या दशकापासून पुढे आली आणि १९७४ मध्ये बॉस्टनचे विल्यम स्वीट यांनी त्याच चेहऱ्याच्या दुखण्यावर ती पद्धत नीट बसवली. ती आजही वापरात आहे. चेहऱ्याचा काही भाग बधिर होणे ही तिची किंमत असते आणि डोळ्याच्या बुबुळाची संवेदना जाऊ नये म्हणून फार जपावे लागते.

कमरेत हे कसे करतात? रुग्ण पालथा झोपतो, मांडीवर करंट परत जाण्यासाठी एक पट्टी चिकटवतात, कातडी बधिर करतात. सुई टोकापर्यंत आवरणाने झाकलेली, फक्त शेवटचा पाच किंवा दहा मिलिमीटरचा भाग उघडा. सी-आर्मवर पाहत ती हाडाच्या कडेशी, नसेजवळ नेतात. मग २ हर्ट्झचा हलका करंट देऊन पाय उडत नाही ना, ते बघतात. पाय उडाला तर सुई चुकीच्या नसेपाशी आहे, म्हणून रुग्णाला पूर्ण भूल देत नाहीत. शेवटी साधारण ८० अंश सेल्सियसला दीड मिनिट. सुई स्वतः तापत नाही. सेकंदाला सुमारे पाच लाख वेळा पुढे-मागे होणाऱ्या प्रवाहाने ऊतींमधले आयन घासले जातात आणि ऊतीच तापतात. टोकातला तापमापक ते मोजत राहतो. माणूस त्याच दिवशी घरी जातो.

आता बोगडक यांच्या आणखी एका कामाकडे येतो, कारण ते मला या सगळ्या कथेचा गाभा वाटते. १९८७ मध्ये त्यांनी अंड्याच्या पांढऱ्यात आणि ताज्या मांसात सुया रोवून करंट दिला. पांढरे कुठे गोठते ते डोळ्यांनी दिसते. गोठलेला भाग सुईच्या अंगाभोवती पसरत होता, टोकापुढे जवळजवळ जातच नव्हता. म्हणजे सुई नसेवर काटकोनात टेकवली तर नस सुटते. ती नसेला समांतर, अंगाला अंग लावून ठेवायला हवी. या साध्या प्रयोगाने जुन्या निकालांमधल्या गोंधळाचा बराचसा उलगडा केला.

नीट केले तर काय होते, हे १९९६च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिसले. अपघातात मानेला हिसका बसून वर्षानुवर्षे मान दुखणारे फक्त २४ रुग्ण होते, पण प्रत्येकाच्या सांध्याची खात्री ब्लॉकनी पुन्हापुन्हा केलेली होती. निम्म्यांना खरे आरएफ, निम्म्यांना तशीच सुई, उष्णता मात्र नाही. वेदना पूर्वीच्या निम्म्यावर परत येईपर्यंतचा मध्यक काळ खऱ्या उपचारात २६३ दिवस, खोट्यात ८ दिवस. एवढा फरक योगायोगाने पडत नाही.

मग २०१७ साली नेदरलँड्समधून नेमके उलटे आले. १६ पेन क्लिनिकमधल्या कंबरदुखीच्या रुग्णांत नुसता व्यायाम आणि व्यायामासोबत आरएफ यांची तुलना झाली. वेदनेत सांगण्याजोगा फरक पडला नाही. टीकाकार म्हणाले, एकाच ब्लॉकवर निवड केली, सुया बारीक वापरल्या. त्याआधी, २०१६ मध्ये, ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने निवडक रुग्णांत, ब्लॉकने आराम पडल्यावरच, या उपचाराचा विचार करावा असे म्हटले होते. २०२५च्या फेब्रुवारीत मात्र ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका आंतरराष्ट्रीय गटाने मणक्याच्या जुनाट दुखण्यात तो करूच नये अशी ठाम शिफारस केली आणि वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी तिला विरोध केला. वाद चालू आहे. मला त्यातून एवढे दिसते की, निवड सैल केली की फायदा विरघळतो, आणि रोजच्या व्यवहारात निवड सैलच असते.

नस पुन्हा वाढते, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवे. तिच्या पेशीचे मूळ पाठीच्या कण्यापाशी शाबूत असते, म्हणून सहा महिने ते वर्षभराने, कधी त्याहून उशिरा, तंतू परत जोडले जातात आणि दुखणे परतू शकते. पहिल्या वेळी गुण आला असेल तर तेच पुन्हा करता येते. उपचारानंतर काही आठवडे त्या जागी जळजळ होणे हे नेहमीचेच. पल्स्ड आरएफ हा निराळा प्रकार आहे. नेदरलँड्सच्या मेन्नो स्लाइटर यांनी १९९०च्या दशकात आणलेल्या या पद्धतीत तापमान ४२ अंशांवर रोखतात, नस जळत नाही. जिथे नस जाळणे धोक्याचे, तिथे ती वापरतात.

गुडघ्यासाठीही ही पद्धत आली आहे आणि आपल्याकडे तिचीच जाहिरात जास्त होते. २०११ मध्ये कोरियात ३८ रुग्णांवर गुडघ्याच्या वेदना नेणाऱ्या तीन नसा जाळण्याचा प्रयोग झाला. चौथीला हात लावत नाहीत, कारण तिच्या शेजारून पाऊल उचलणारी नस जाते. सांधा बदलायला ज्यांचे हृदय वा वय परवानगी देत नाही, त्यांना याचा आधार होऊ शकतो. मात्र झिजलेला गुडघा झिजलेलाच राहतो. वेदनेची बातमी थांबते, एवढेच. त्या सुटीचा उपयोग मांडीचे स्नायू बळकट करायला केला नाही तर हाती फार काही उरत नाही.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला हा उपचार सुचवला गेला, तर डॉक्टरांना न संकोचता विचारा: माझे दुखणे याच सांध्याचे, हे कशावरून? ब्लॉक किती वेळा दिला आणि त्या तासांत वेदना किती उतरली? हा आकडा स्वतः वहीत लिहून ठेवा, घरी आल्यावर दर तासाला. एमआरआय दाखवून थेट तारीख दिली जात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा छातीत पेसमेकर असेल, तर सुईची तारीख ठरण्याआधी ते आपणहून सांगा.