मुळांची शुद्धी आणि रसायनशास्त्र

चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम सॅनेटोरियम येथे राष्ट्रीय सिद्ध संस्था आहे. ती 2005 साली राष्ट्राला अर्पण करण्यात आली. तिच्या ‘गुणपाडम’ विभागात औषधिद्रव्यांचा अभ्यास होतो. सिद्ध वैद्यकात उग्र द्रव्ये ‘शुद्धी’ केल्यावाचून वापरीत नाहीत. शुद्धी म्हणजे धुणेपुसणे असा समज होण्याचा संभव आहे. वास्तविक तीत मुळाचे रासायनिक घटकच पालटतात.

बचनागाच्या मुळातील ॲकोनिटीन हे अल्कलॉइड अवघे दोन-तीन मिलिग्रॅम पोटात गेले तरी मृत्यू ओढवू शकतो. हृदयाच्या व मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमचे मार्ग ते उघडे ठेवते आणि नाडीची लय बिघडते. हे मूळ गोमूत्रात भिजवितात, काही ठिकाणी दुधात उकळतात. काही विष द्रवात उतरते, म्हणून तो द्रव टाकून द्यावयाचा असतो. उकळताना जलीय विच्छेदन, म्हणजे पाण्याच्या विक्रियेने रेणू तुटण्याची क्रिया, घडून येते. प्रथम ॲसिटिक आम्लाचा अंश सुटतो व बेंझॉइलॲकोनिन उरते. त्याची विषारी शक्ती मूळ द्रव्याच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याइतकीच असते. पुढे बेंझोइक आम्लाचा अंशही गळतो आणि त्याहून सौम्य असे ॲकोनिन तयार होते.

कोरियातील जिन्सेंगवर अशीच विक्रिया होते, मात्र तेथे हेतू निराळा असतो. 1123 साली कोरियात गेलेल्या शू चिंग या चिनी राजदूताने कच्चे व शिजविलेले अशा दोन प्रकारच्या जिन्सेंगची नोंद केली आहे. नुसते वाळविलेले मूळ पांढरे राहते. दोन-तीन तास वाफवून वाळविले की ते तांबूस होते, कारण शर्करा व अमिनो आम्ले यांचा संयोग होतो. (भाकरी खरपूस होते तीही याच विक्रियेने.) जिन्सेनोसाइड नामक घटकांना चिकटलेले मॅलोनिक आम्ल सुटते, काही शर्करा गळतात आणि ताज्या मुळात जवळजवळ न आढळणारे आरजी-3, आरके-1 यांसारखे घटक निर्माण होतात.

जिन्सेंग कमी वाफवले गेले तर माल हलका ठरतो, एवढेच. बचनागाच्या जाड तुकड्याच्या गाभ्यात उष्णता पोचली नाही, तर मात्र रोग्याच्या प्राणाशी गाठ असते. दोन्ही तुकडे डोळ्यांना सारखेच दिसतात. चीनमध्ये तुकडा चघळून जिभेला कितपत बधिरता येते यावरून पारख करण्याची रीत आहे. प्रयोगशाळेत उरलेले ॲकोनिटीन वर्णलेखनाने मोजतात.