गोळीतला माल आणि गोळीतला भराव

गोळे कॉलनी ही नाशिकची औषधांची घाऊक पेठ. तिथून माल उचलणाऱ्या कॉलेज रोडच्या, इंदिरानगरच्या, पंचवटीच्या मेडिकलवाल्यांना हल्ली एक नवं गिऱ्हाईक भेटतं. ते डबी उलटी करतं, बारीक अक्षरांवर बोट ठेवतं आणि विचारतं, ‘‘हे मॅग्नेशियम स्टिअरेट कशाला? निव्वळ व्हिटॅमिनची गोळी नाही का?’’ लेबल वाचणारं गिऱ्हाईक केव्हाही चांगलं. फक्त त्याचं बोट चुकीच्या ओळीवर पडलेलं असतं.

निव्वळ व्हिटॅमिनची गोळी करायची म्हटली तर काय होईल? आठवड्याला घ्यायचं डी-थ्रीचं पाकीट ६०,००० युनिटचं असतं. आकडा दांडगा वाटतो. पण ४० युनिट म्हणजे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे सगळा डोस भरला दीड मिलिग्रॅम. मोहरीचा दाणाही याहून जड भरेल. बी-ट्वेल्व्हच्या १५०० मायक्रोग्रॅमवाल्या गोळीतही माल तेवढाच. तो चिमटीत धरता येत नाही, तर गिळणार कसा? पाकिटातली बाकीची ग्रॅमभर भुकटी म्हणजे भराव, आणि तो बहुतेक वेळा साखर असतो. मधुमेह असलेले काहीजण त्यावरून घाबरतात. आठवड्याला एक ग्रॅम साखर म्हणजे चहाच्या चमच्याचा पाव भाग. त्याची काळजी करण्यापेक्षा सकाळच्या चहाकडे पाहिलेलं बरं.

कॅल्शियमची गोळी घशात अडकते तेव्हाही शिव्या भरावालाच बसतात. तिथे तर तो बिचारा निर्दोष आहे. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असेल तर १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट घालावंच लागतं. गोळी मोठी होते ती मालानेच.

भराव नेमकं काय काम करतो, हे यंत्राजवळ उभं राहिलं की कळतं. अंबड-सातपूरच्या औषध कारखान्यांत काम केलेली माणसं नाशिकमध्ये पुष्कळ आहेत, त्यांना विचारून पाहा. गोळी दाबणारं यंत्र प्रत्येक गोळी तोलत बसत नाही. हॉपरमधली भुकटी साच्यात उतरते, मावेल तेवढी बसते आणि वरखालचे पंच तिला दाबतात. भुकटी वाटेत अडली की एक गोळी हलकी, दुसरी जड. म्हणून ती सुळसुळीत उतरावी यासाठी थोडी सिलिका. पंचाला चिकटू नये म्हणून स्टिअरेट. दाबल्यावर एकसंध राहावी म्हणून सेल्युलोज. आणि पोटात ओल लागताच फुगून फुटावी म्हणून स्टार्च. हा स्टार्च बहुधा मक्याचा. येवला-मालेगावकडे पिकतो तोच मका. शेजारच्या धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला त्याचा स्टार्च काढणारा कारखानाही आहे. त्यात रसायनशाळेतलं गूढ असं काही नाही.

आणि मुख्य म्हणजे वाटणी. मिलिग्रॅमभर व्हिटॅमिन लाखो गोळ्यांत सारखं पोचवायचं तर ते आधी भरपूर भरावात नीट कालवावं लागतं. नाहीतर एकाच्या वाट्याला दुप्पट, दुसऱ्याच्या वाट्याला काहीच नाही. डी व्हिटॅमिन दीर्घकाळ अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. म्हणजे ज्या भरावाला आपण भेसळ म्हणतो, तोच डोस ताब्यात ठेवत असतो.

‘सेल्युलोज म्हणजे लाकडाचा भुसा’ हे अर्धसत्य आहे. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज बहुतेक लाकडाच्या लगद्यापासूनच करतात, पण शुद्ध करून. भाजीच्या देठात आणि गव्हाच्या कोंड्यात असतं तेच हे सेल्युलोज. ते आपल्याला पचत नाही, आलं तसं बाहेर पडतं. ‘सिलिका म्हणजे वाळू’ हेही त्याच जातीचं विधान. दगडखाणीत फुफ्फुसं निकामी करते ती श्वासातून जाणारी स्फटिकरूप सिलिका. गोळीतली स्फटिकरूप नसते आणि ती आपण हुंगत नाही.

सगळ्यात बदनाम मात्र मॅग्नेशियम स्टिअरेट. ‘ते प्रतिकारशक्ती मारतं’ या दाव्याचं मूळ १९९० च्या एका प्रयोगात आहे. त्यात उंदराच्या पांढऱ्या पेशी काचेच्या बशीत स्टिअरिक आम्लात ठेवल्या होत्या. उंदराच्या त्या पेशींना हे आम्ल बदलून घेता येत नाही, माणसाच्या पेशींना येतं. शिवाय हिशोब करा. साजूक तुपात स्टिअरिक आम्ल साधारण दहा टक्के असतं, म्हणजे चमचाभर तुपात अर्धा ग्रॅम. पाचशे मिलिग्रॅमच्या गोळीत स्टिअरेट एक टक्का धरलं तर पाच मिलिग्रॅम. वरणभातावर एक चमचा तूप घेणारा माणूस शंभर गोळ्यांचं स्टिअरिक आम्ल एका घासात खातो. या आक्षेपात खरा कण एवढाच की हे वंगण प्रमाणाबाहेर झालं तर गोळी विरघळायला वेळ लागतो. म्हणून तर चाचणी असते: भारतीय औषधसंहितेनुसार साधी गोळी ३७ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटांत फुटायला हवी.

रंगही फुकटचा नसतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या आश्रमशाळांत मुलामुलींना आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ४५ मिलिग्रॅम लोहाची गुलाबी गोळी, किशोरवयीनांना ६० ची निळी, गरोदर बाईला लाल. गोळ्या वाटणाऱ्या आशाताईला आणि शिक्षकाला रंगावरून चूक टाळता येते, आणि साखरेच्या लेपामुळे लोहाची कडवट चव जिभेला लागत नाही. (याच गोड लेपामुळे घरातल्या लहानग्याला ती चॉकलेट वाटू शकते. लोह लहान मुलांना जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं, तेव्हा पट्टी उंचावर ठेवा.)

एका घटकाबद्दल शंका घेणाऱ्यांना मी हसणार नाही: पांढरेपणासाठी घालतात ते टायटॅनियम डायऑक्साइड. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये ते आता सुरक्षित मानता येत नाही असं म्हटलं आणि २०२२ मध्ये तिथे खाद्यपदार्थांत, पूरकांतही, बंदी आली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने मात्र धोका दिसत नाही असा निर्वाळा दिला. वाद खरा आहे. गोळी नुसती पांढरी दिसावी एवढ्यासाठी ते घातलं असेल, तर ते नसलेली गोळी निवडायला काहीच हरकत नाही.

लॅक्टोजचं सोपं आहे. दूध न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दुधाइतकं, सोसतं. गोळीत ते काहीशे मिलिग्रॅम असतं. कॅप्सूलचं कवच हा धर्माचा आणि आवडीचा प्रश्न, सुरक्षेचा नव्हे. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, वनस्पतिजन्य कवचही मिळतं. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर शाकाहारी-मांसाहारी चिन्ह पाहा. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्टीवर ते सक्तीचं नाही.

मग भीती कशाची बाळगायची? अशुद्धतेची. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले ते ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं म्हणून, न्या. लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये खोकल्याचं सिरप घेतलेली छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या रुग्णालयांपर्यंत पोचली, त्यातली अनेक वाचली नाहीत. त्या सिरपच्या नमुन्यात तेच विष ४८.६ टक्के निघालं. दोन्ही वेळा लेबल वाचून गिऱ्हाईकाला काहीही कळलं नसतं.

आणि भरावाची खरी लबाडी बघायची तर ती गोळीत नाही, जिममध्ये खपणाऱ्या डब्यांत आहे. केरळच्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ३६ प्रोटीन पूरकांपैकी सुमारे ७० टक्क्यांवर प्रथिनांची माहिती चुकीची निघाली. तिथे ‘शंभर टक्के शुद्ध’ ही अक्षरं सगळ्यांत ठळक असतात.

पूरकाच्या डबीवर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, घटकांची यादी, आणि दूध, सोया, गहू यांसारख्या ॲलर्जीच्या पदार्थांची नोंद असायलाच हवी. औषधाच्या पुष्कळ पट्ट्यांवर मात्र रंगाचं नाव आणि ‘एक्सिपियंट्स क्यू.एस.’ (म्हणजे भराव, लागेल तेवढा) एवढंच छापलेलं दिसतं. गव्हाचं ग्लुटेन किंवा दुधाचं प्रथिन ज्याला खरोखर चालत नाही, त्याला त्यावरून काही समजत नाही. त्याने फार्मासिस्टला विचारावं, त्यालाही माहीत नसेल तर पट्टीवरच्या पत्त्यावर कंपनीला लिहावं, आणि उत्तर येईपर्यंत ती गोळी सुरू करू नये. बदली गोळी कोणती घ्यायची, ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.