ऐनाच्या खोडातलं पाणी

मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानातला एक व्हिडिओ मोबाइलवर फिरला. वनखात्याच्या माणसांनी ऐनाच्या सालीवर घाव घातला आणि नळ सोडावा तशी पाण्याची धार लागली. तिथल्या कोंडा रेड्डी आदिवासींना हे आधीपासून ठाऊक होतं. व्हिडिओ खरा आहे. त्यावरून काढले जाणारे निष्कर्ष मात्र बरेचसे चुकीचे.

झाड खोडात पाणी साठवतं आणि उन्हाळाभर त्यावरच जगतं, हा पहिला. पनामाच्या जंगलात गोल्डस्टाइन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या वृक्षांचा हिशेबच मांडला. तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. काजूच्या कुळातलं, मीटरभर जाडीचं एक झाड दिवसाला सुमारे ३८० लिटर पाणी हवेत सोडत होतं. त्यातलं खोडातल्या साठ्यातून येत होतं ५४ लिटर. पाचही जातींत हा वाटा ९ ते १५ टक्केच निघाला. साठा मुख्यतः सकाळी कामी येतो. ऊन चढताच पानं पाणी सोडू लागतात, पण मुळांकडचं पाणी वर पोचायला वेळ लागतो. मधली तूट खोड भरून काढतं. त्यापायी ते दिवसा किंचित, मिलिमीटरपेक्षाही कमी, बारीक होतं आणि रात्री पुन्हा भरतं.

पाणी वर चढतं कसं, हा गोंधळ तर शाळेपासूनचा. केशाकर्षणाने म्हणावं, तर एक दशांश मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी चढतं जेमतेम ३० सेंटिमीटर. मुळांचा दाब असतो, पण उंच झाडाला तो पुरत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ मध्ये मांडलं, की खोडातल्या जिवंत पेशी स्पंदनांनी पाणी वर ढकलतात. कल्पना मोहक, पण टिकली नाही. बॉनच्या स्ट्रासबुर्गर यांनी त्याच्या कितीतरी आधी, १८९१ मध्ये, झाडांना विष पाजून खोडातल्या पेशी मारल्या होत्या. तरी पाणी चढतच राहिलं. ते थांबलं पानं मेल्यावर. म्हणजे ओढणारा वर बसलाय. पानांतून वाफ निघाली की तिच्यामागचं पाणी खेचलं जातं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे मेलेल्या पेशींच्या नळ्यांमधून सगळा स्तंभ ताणाखाली वर सरकतो. डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये डब्लिनमध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही उभं आहे.

निष्पर्ण झाड म्हणजे वाळलेलं झाड, हा आणखी एक समज. मग फाल्गुनात सावर आणि पांगारा कशाच्या जोरावर फुलतात? पानं गळाली की खर्च जवळजवळ थांबतो आणि खोडात पुन्हा पाणी भरतं. कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलात बोर्खर्ट यांनी १९९४ मध्ये हेच दाखवलं: हलक्या, पाणीदार लाकडाची झाडं भर कोरड्या दिवसांत फुलतात, जड लाकडाच्या, कोरड्या जागी उभ्या झाडांना पावसाची वाट पाहावी लागते.

राहिला ऐन. हे पाणी प्रत्येक ऐनात नसतं. पापिकोंडाच्या त्या पाण्यालाही उग्र वास आणि आंबूस चव होती. शिवाय उघड्या जखमेतून बुरशी आणि कीड आत शिरते, ते वेगळंच. तेव्हा ऐनाला कोयता लावू नका. ट्रेकला निघताना पाण्याच्या दोन बाटल्या जास्त घ्या.