जाळीआडची तीन देवळं

क्योतोच्या दक्षिणेला चहासाठी नावाजलेलं उजी आहे. पर्यटक येतात ते ब्योदोइन हे बौद्ध मंदिर बघायला. दहा येनच्या नाण्यावर त्याचंच चित्र. नदी ओलांडणारे त्या मानाने थोडे. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी उजीगामी हे शिंतो देवस्थान आहे. जपानमध्ये आज उभ्या असलेल्या शिंतो वास्तूंमध्ये सर्वांत जुनी ती हीच.

शिंतोमध्ये देवस्थान पुरातन असलं तरी इमारत जुनी असेलच असं नाही. इसेचं महामंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात जसंच्या तसं उभारतात. मागचा सोहळा २०१३ साली झाला. उजीगामीत मात्र लाकूडच जुनं. त्याचं वय ठरलं वलयांवरून. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय पडतं आणि हवामानाप्रमाणे ते रुंद किंवा अरुंद होतं. हा क्रम जुळवला की झाड कधी तोडलं ते कळतं. मुख्य देवळाचं लाकूड निघालं १०६०च्या सुमाराचं. ब्योदोइनचं प्रसिद्ध फिनिक्स दालन १०५३चं, म्हणजे दोन्ही कामं एकाच पिढीची.

समोरून दिसते ती नुसती लाकडी जाळी आणि सायप्रसच्या सालीचं रुंद छप्पर. खरी गंमत आत आहे. एका छपराखाली तीन छोटी देवळं ओळीने उभी आहेत. कडेची दोन मोठी, मधलं लहान. जाळीला डोळा लावल्याशिवाय ती दिसत नाहीत. पाऊस-वाऱ्याचा मारा बाहेरच्या घराने झेलला, म्हणून आतली टिकली.

देव तीन: सम्राट ओजिन आणि त्याचे दोन मुलगे. बापाने धाकट्या वाकिइरात्सुकोला वारस नेमलं, पण त्याने थोरल्याचा मान मोडायला नकार दिला. थोरलाही गादीवर बसेना. आपल्याला राम-भरत आठवतील; इथे मात्र पादुकांवर भागलं नाही. धाकट्याने जीव दिला आणि थोरला निन्तोकु सम्राट झाला, असं जुन्या इतिवृत्तात आहे.

आवारात किरिहारा नावाचा झरा आहे. उजीच्या सात नामांकित पाण्यांपैकी वाहता उरलेला हा एकच. पुढच्या प्रार्थनामंडपासमोर वाळूचे दोन टोकदार ढीग दिसतील. सणावारी हीच वाळू पसरून आवार शुद्ध करतात, तेव्हा त्यांना पाय लावू नका.

केइहान रेल्वेच्या उजी स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. वाटेत आधी उजी नावाचंच दुसरं देवस्थान लागतं. तिथूनच परत फिरू नका, थोडं वर चढा.