भंडारदऱ्यात तंबू, तरी धंदा चालू: रेंज नसताना ईमेल आणि ऑर्डर कशा सांभाळाल?



धंदा नवीन असला की दोन दिवस बाहेर जायचं म्हटलं तरी धास्ती वाटते. मागे कोणाची ऑर्डर आली तर? कोणाचा मेल आला तर? नोकरीत आपण नसलो तर दुसरा कोणीतरी बघतो. इथे मालकही आपण आणि ऑफिसही आपणच.

समजा, तुमचा नगरला पॅकेजिंगचा छोटा धंदा आहे. मे महिन्याच्या शेवटी काजवे बघायला घरच्यांना घेऊन तुम्ही अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेलात. शनिवारी दुपारी एमआयडीसीतल्या एका कंपनीचा मेल येतो, "आज संध्याकाळपर्यंत कोटेशन पाठवा." आणि तुम्ही त्या वेळी साम्रदच्या सांदण दरीत! दोन्ही बाजूंना उंच कातळ, मोबाईलवर एक दांडी नाही. आता काय?

तिथे पोचल्यावर काहीच करता येत नाही. जे करायचं ते निघायच्या आदल्या रात्री, घरच्या वाय-फायवर.

१. जीमेल ऑफलाइन करून ठेवा. लॅपटॉपवर क्रोममध्ये जीमेल उघडा, सेटिंग्जमध्ये 'ऑफलाइन' चालू करा. 7, 30 किंवा 90 दिवसांचे मेल लॅपटॉपमध्ये साठवता येतात. मग रेंज नसतानाही जुने मेल वाचता येतात, उत्तर लिहिता येतं. ते आउटबॉक्समध्ये थांबतं आणि नेट मिळालं की आपोआप जातं. रेटलिस्ट आणि कोटेशनचा कोरा नमुनाही फोनमध्ये सेव्ह करा.

२. 'मी बाहेर आहे' हे आधीच सांगा. इथे बरेच जण फसतात. व्हॉट्सॲप बिझनेसचा अवे मेसेज तुमचा फोन नेटला जोडलेला असेल तरच जातो. फोन दरीत, तर मेसेजही दरीत! जीमेलचं सुट्टीचं ऑटो उत्तर मात्र गूगलच्या सर्व्हरवरून जातं, तुमचा फोन बंद असला तरी. म्हणून ते नक्की लावा, पण नीट लिहा: "मी सोमवारी सकाळी 10 पर्यंत प्रवासात आहे. कोटेशन तातडीचं असेल तर या नंबरवर बोला." तो नंबर घरच्या किंवा विश्वासातल्या माणसाचा. रेटलिस्ट त्याच्याकडेही असू द्या.

ठरलेल्या वेळी जायचे मेल 'शेड्यूल' करा. तेही तुमच्या फोनशिवाय जातात.

३. ओटीपीची सोय करा. नेट मिळालं, पण एसएमएस येत नाही म्हणून लॉगिन अडलं, असं होतं. गूगल खात्याचे 10 बॅकअप कोड आधीच काढून कागदावर लिहून घ्या. ऑथेंटिकेटर ॲपसुद्धा नेटशिवाय कोड देतं.

४. बॅटरीचा हिशोब मांडा. 10,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण 37 वॅट-अवर. त्यात 5,000 एमएएचचा फोन दीडेक वेळा चार्ज होतो. लॅपटॉप पूर्ण भरेल अशी अपेक्षा ठेवू नका. रेंज नसली की फोन टॉवर शोधत बॅटरी खातो. तिथे सरळ फ्लाइट मोड टाका. हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला तर विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करा, नाहीतर अपडेटच तुमचा डेटा संपवेल.

५. दिवसातून दोनच वेळा बघा. सकाळी आणि संध्याकाळी, उंच मोकळ्या जागी किंवा गावाकडे येऊन अर्धा तास. तातडीचं आधी, बाकीचं सोमवारी. आणि खिशात रोख ठेवा, कारण नेट नाही तर यूपीआयचा स्कॅनरही चालत नाही.

आता यातला धंदा बघा

शेंडी, रतनवाडी, साम्रद भागात कॅम्पिंगची गर्दी मुख्यतः शनिवार-रविवारची. तुम्ही होमस्टे किंवा कॅम्प चालवत असाल, तर मंगळवार-बुधवारी लॅपटॉप घेऊन येणारा पाहुणा तुम्हाला हवाच आहे. त्याला काय लागतं? सावलीत टेबल-खुर्ची, चालू चार्जिंग पॉइंट, लाईट गेली तर इन्व्हर्टर, आणि कोणत्या कंपनीची रेंज कुठे येते याची खरी माहिती. दोन-तीन कंपन्यांची सिमं घेऊन आपल्या जागेवर स्वतः फिरून तपासा आणि तेच जाहिरातीत लिहा. "फुल नेटवर्क" लिहून पाहुणा बोलावला आणि त्याची मीटिंग तुटली, तर तो परत येणार नाही आणि रिव्ह्यूही तसाच लिहील. "जेवणघराजवळ रेंज आहे, तंबूत नाही" हे खरं वाक्य जास्त विश्वास मिळवून देतं.

एक विनंती. काजव्याचा उजेड म्हणजे त्याने जोडीदाराला पाठवलेला निरोप. आपल्या स्क्रीनच्या आणि टॉर्चच्या झोतात तो निरोप हरवतो. त्यामुळे अंधार पडला की फोन खिशात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ: कुठे जायचं नसलं तरी आज रात्री मोबाईल आणि लॅपटॉपचं नेट एक तास बंद करा आणि एक कोटेशन तयार करून बघा. जिथे अडाल, तेवढीच तुमची तयारी बाकी आहे. ती पूर्ण करा आणि बिनधास्त फिरून या!