गवत कापण्याचें जुनें यंत्र घेतांना

भाताची कापणी आटोपते न आटोपते तोंच जूचंद्रच्या आसपासच्या वरकस जमिनींवर गवत कापणीस येतें. हा काळ फार थोडा असतो. मारवेल किंवा पवना यांसारखें गवत फुलोऱ्यावर असतां कापलें तर त्यांत कस राहतो. बी झडून काडी पिवळी पडली म्हणजे तेंच गवत म्हशीचें पोट भरण्यापुरतें उरतें. पूर्वीं विळा चालविणारी माणसें हवीं तेवढीं मिळत. आतां नायगांव-वसईकडील गांवें शहरांत मिसळत चाललीं आहेत, मजूर इमारतींच्या कामाकडे वळला आहे, आणि एक-दोन एकरांचा धनी यंत्राचा विचार करूं लागला आहे. नवें परवडत नाहीं, म्हणून तो जुनें शोधतो. तें कसें पारखावें हें आम्ही येथें सांगूं इच्छितों. कारण अशाच एका खरेदीपायीं आमच्या वर्गांतील एका मुलाचे पंधरा दिवस बुडालेले आम्हीं पाहिले आहेत.

त्या मुलाच्या वडिलांनीं दिवाळीच्या तोंडावर दूरच्या एका गांवाहून चालत्या माणसानें ढकलावयाचें रीपर आणलें. हिरव्या रंगानें तें नुसतें लखलखत होतें. दोरी ओढतांच इंजिन सुरू झालें, आणि गृहस्थ संतुष्ट झाले. तिसऱ्या दिवशीं दांत्यांची दांडी अडकली व पेटींतील दंतचक्र तुटलें. सुटा भाग कोठें मिळेना. मजूर तोंवर दुसरीकडे गुंतलेले. अखेर बाप-लेकांनीं विळे हातीं घेतले. पण अर्धें गवत अवकाळी पावसांत भिजून काळें पडलें, आणि तबेल्याच्या व्यापाऱ्यानें तें पाहूनच मान हलविली.

चूक जुनें यंत्र घेण्यांत नव्हती. दांड्यांच्या खोबणींतून पुढें-मागें सरकणाऱ्या पात्यांनीं धान्य कापण्याची युक्ति अमेरिकेंत ओबेड हसी यानें आपल्या यंत्रांत योजिली व १८३३ सालीं तिचें पेटंट घेतलें. सायरस मॅक्कॉर्मिकचें पेटंट १८३४ चें. आजचें रीपरहि मूळ तीच युक्ति वापरतें. तेव्हां यंत्राचें वय किती, यापेक्षां तें झिजलें किती, हा प्रश्न विचारावा.

प्रथम आपली जमीन पाहावी. चंडिकादेवीच्या डोंगरासारखा उतार असेल, किंवा बांधाकडेचें गवत असेल, तर खांद्यावर अडकविण्याचा ब्रश कटरच बरा. मात्र तो गवत विसकटून टाकतो आणि भारे बांधतांना वेळ जातो. रीपर गवत एका बाजूस ओळीनें पाडतें, पण त्याला सपाट खाचर हवें. आमच्याकडील खाचरें लहान, मध्यें बांध. म्हणून दोन माणसांना तें यंत्र बांधापलीकडे नेतां येईल कीं नाहीं हें उचलूनच पाहावें. विक्रेत्यास हंसूं आलें तर येऊं द्यावें.

विक्रेत्याकडे पोहोंचतांच, बोलणें सुरू होण्यापूर्वीं, इंजिनाजवळ हात न्यावा. तें ऊन लागलें तर आपण येण्याआधीं तें चालवून ठेविलें आहे असें समजावें व थंड होईपर्यंत थांबावें. खरी परीक्षा थंड इंजिनाची. दोरी सावकाश ओढतांना हाताला चांगला विरोध जाणवला पाहिजे. ती सैल येत असेल तर आंतील कड्या झिजल्या आहेत. ठिणगीचा प्लग काढून पाहावा: टोंक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक, काळें व ओलें असेल तर तेल किंवा इंधन जास्त, पांढरें फटक असेल तर इंजिन फार तापलेलें आहे. चार-फेरी इंजिनानें सतत निळा धूर सोडला तर तें तेल जाळीत आहे. दोन-फेरी इंजिनांत तेल पेट्रोलांतच मिसळतात, म्हणून थोडा निळसर धूर तेथें स्वाभाविक आहे. अशा यंत्रांत लिटरमागें साधारण २० ते ४० मिलिलिटर तेल लागतें. नेमकें प्रमाण बनविणाराच्या पुस्तिकेंत पाहावें. मागील धन्याला तें प्रमाण सांगतां आलें नाहीं, तर यंत्राचें काय झालें असेल याचा तर्क करणें अवघड नाहीं.

मग इंजिन बंद करून प्लगची तार काढावी, व तेव्हांच पात्यांना हात लावावा. दांत्यांची दांडी हातानें सरकवून पाहिली असतां, फेऱ्याच्या दोन्ही टोंकांस प्रत्येक पातें आपल्या बोटाच्या बरोबर मध्यावर थांबलें पाहिजे. पुष्कळ यंत्रांत हा फेरा सुमारें ३ इंचांचा असतो. पातें अलीकडे-पलीकडे थांबत असेल तर गवत कापलें जात नाहीं, चुरगळतें. पेटींतील तेलाचा थेंब बोटांवर चोळावा. चकाकणारे कण दिसले तर दंतचक्रें झिजत आहेत. आमच्या मित्रानें हें केलें असतें तर रंगाला भुलला नसता.

येथें खाडी व मिठागरें जवळ असल्यामुळें गंज हा एक वेगळाच शत्रु आहे. नव्या रंगाखालीं बोल्टांच्या मुळाशीं नखानें खरवडावें. जोडकामाच्या जागीं चिरा पाहाव्या. ब्रश कटरचें पात्यावरील झाकण काढून टाकलेलें असेल तर तें मिळाल्याखेरीज पैसे देऊं नयेत. पात्यानें उडविलेला खडा डोळा घेऊन जातो.

सुट्या भागांची चौकशी मात्र विक्रेत्याकडे करूं नये. वसईच्या किंवा विरारच्या दुकानांत स्वतः जाऊन त्या नमुन्याचीं पातीं मिळतात काय हें विचारावें. आणि खरेदी शक्य तों पावसाळ्यापूर्वीं करावी. दिवाळींत गरजूला किंमत चढती सांगतात, आणि बिघाड निघाला तर दुरुस्तीला वेळ उरत नाहीं.

त्या गृहस्थांनीं पुढल्या वैशाखांत दुसरें रीपर घेतलें. त्याचा रंग उडालेला, टाकीला पोचा. विक्रेत्यानें तें त्यांना दोन तास स्वतःच्या शेतांत चालवूं दिलें. यंदा कार्तिकांत आमच्या हजेरीपटावर त्या मुलाचा एकहि दिवस गैरहजेरीचा नाहीं.