घरच्या कॉम्प्युटरला पक्का पत्ता

शिष्यवृत्तीचा अर्ज लॅपटॉपवर भरायचा असतो आणि कागदपत्रं असतात तीन मोबाईलमध्ये. उत्पन्नाचा दाखला अब्बांच्या, बँकेचं पासबुक अम्मीच्या, शाळा सोडल्याचा दाखला थोरल्या बहिणीच्या. मग सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन सायबर कॅफे गाठला जातो. आपलं आधार, पॅन, निकाहनामा किती परक्या कॉम्प्युटरमध्ये पडून राहतो, याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. शिवाय फोटो म्हणून पाठवलेला कागद व्हॉट्सअ‍ॅपवर लहान होतो, बारीक अक्षरं पुसट होतात. उर्दू निकाहनाम्यातले नुक्ते दिसेनासे झाले तर नावच वेगळं वाचलं जातं. नावातल्या एका अक्षरापायी कचेरीत किती खेटे घालावे लागतात, हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको.

मोबाईल आणि कॉम्प्युटर एकाच वायफायवर असतील तर यासाठी कागद घराबाहेर जायची गरज नाही. कॉम्प्युटरवरचा एक फोल्डर 'शेअर' करून तो मोबाईलवरून उघडता येतो. अडचण येते ती पत्त्याची.

वायफायचा राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, जसं १९२.१६८.१.५. हा पत्ता म्हणजे नालासोपारा-विरारमधला अकरा महिन्यांचा भाडेकरार. मुदत संपली की दुसरा मिळू शकतो, म्हणून काल उघडलेला फोल्डर आज सापडत नाही. उपाय एकच: फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरला मालकीचा पत्ता द्यायचा. मोबाईलना भाड्याचे पत्ते चालतात.

आमच्या घरी आम्ही ते असं केलं. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवर त्याचा स्वतःचा पत्ता आणि पासवर्ड असतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकून राउटरचं पान उघडलं. तिथे 'डीएचसीपी'खाली 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' असतं. यादीतून आपला कॉम्प्युटर निवडून १९२.१६८.१.५० हा पत्ता त्याच्या नावे केला. कॉम्प्युटरच्या वायफाय सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेस' बंद ठेवावा, नाहीतर राउटर त्याला ओळखत नाही. विंडोजमध्ये घरचं वायफाय 'प्रायव्हेट' असल्याची खात्री करून फोल्डर शेअर केला. आता अँड्रॉइडवर नेटवर्कची सोय असलेल्या फाईल मॅनेजरमध्ये, किंवा आयफोनवर 'फाईल्स'मधल्या 'कनेक्ट टू सर्व्हर'मध्ये हा पत्ता एकदाच टाकायचा. पासवर्ड विचारला की विंडोजच्या खात्याचा द्यावा, चार आकडी पिन चालत नाही.

यात इंटरनेट लागत नाही. लाइन बंद पडली तरी राउटर आणि कॉम्प्युटर चालू असले की काम होतं.

आता सावधगिरी. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९४पासून खासगी नेटवर्कसाठी राखून ठेवलेले आहेत. बाहेरच्या इंटरनेटवरून थेट तिथे पोचता येत नाही. पण आपल्या वायफायवर आलेला माणूस मात्र दारापर्यंत पोचलेला असतो. आपल्याकडे चाळीत, इमारतीत शेजारी वायफाय वाटून घेतात. तेव्हा शेअर करताना 'एव्हरीवन' निवडू नये, घरच्यांचंच नाव द्यावं. राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर शेजारी-पाहुण्यांना तेच द्यावं. स्टिकरवरचा मूळ पासवर्डही लगेच बदलावा.

आणखी एक. जुलै २०१८च्या पुरात वसई-विरारच्या कित्येक घरांत पाणी शिरलं होतं. सगळी कागदपत्रं एकाच कॉम्प्युटरवर असतील तर तो भिजला की सगळंच गेलं. म्हणून दर महिन्याला फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि तो वरच्या मजल्यावर किंवा विश्वासाच्या नातेवाइकांकडे ठेवावा.